अठरा ग्रॅम

खोकं आलं समुद्रापलीकडून,
वर शाळेचं नाव, तेही चुकलेलं.
आत प्रत्येकाला चाळीस काड्या, गोंदाची नळी, एक कागद:
तीस सेंटिमीटरचा पूल बांधा. मोडेपर्यंत वजन टांगा.

आधी यांद्री हसला.
"बाई, हे तर बाल्साचं लाकूड! आमच्या मागच्या मळ्यातलं."
मग सगळा वर्ग हसला,
कारण केवेदोच्या या अंगाला झाडं मोजायची तर बाल्साचीच,
रात्री झोपमोड करणारे ट्रक त्याचेच,
आणि पूर आला की पोरं ज्यावर तरंगतात
तो ओंडकाही त्याचाच.
आमच्या भाषेत बाल्सा म्हणजे तराफा.
तर आमचा तराफा समुद्र ओलांडून गेला,
तासला गेला, मोजला गेला, पिशवीत बसला
आणि पावती घेऊन घरी आला.

मी फळ्यावर त्रिकोण काढला.
चौकोन ढकलला की कलंडतो, त्रिकोण ऐकत नाही.
एवढंच मला येत होतं,
तेही आदल्या रात्री वाचलेलं.

दोमेनिका गोंदाला हातच लावेना.
एकेक काडी बाकावर आपटायची, कान द्यायची.
"ही बरी. ही घाईत वाळवलीय. हिची रेष तिरपी."
तिचा बाप भट्टीवर फळ्या वाळवतो,
फळी नुसती झेलून वजन सांगतो,
काटा मागाहून तेच सांगतो.
जूनमध्ये त्यांच्या घरी काडीमोड झाली.
आई धाकट्याला घेऊन ग्वायाकिलला गेली;
मला कळलं ते हजेरीपटावर त्याचं नाव खोडताना.

बाकीच्यांनी गोंद ओतला.
मिल्टनच्या पुलात तर लाकूड शोधावं लागे.
तिनं टाचणीच्या टोकानं लावला
आणि प्रत्येक सांधा दोन अंगठ्यांत धरून
शंभरपर्यंत मोजलं. ओठ हलत होते.
मी म्हटलं, सोड आता, बसला असेल.
"नाही बसला," ती म्हणाली.

शुक्रवारी दोन बाकांमध्ये पूल, पुलाला बादली,
बादलीत नदीची वाळू, डब्याडब्यानं.
मिल्टनचा सात किलोला गेला, गोंदासकट.
जुळ्या बहिणींचा अकराला,
आधी वाकला, लाजल्यासारखा.
यांद्रीचा एकवीसला,
आणि मोडला तरी तो टेबलावर चढून नाचला.

दोमेनिकाचा पूल काट्यावर अठरा ग्रॅम.
तीन पेन्सिली, फार तर चार.
वीस. पंचवीस. वाळू संपली.
मग विटा.
मग माझी पिशवी, तीत सहामाहीचे पेपर.
मग कुणीतरी व्हरांड्यातली पितळी घंटाच काढून आणली.
वर्गात कुणी श्वास घेत नव्हतं,
पूल तेवढा कुरकुरत होता, बारीक,
झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखा.

सदतीसला गेला.
आवाज बोट मोडावं एवढाच.
घंटा मात्र फरशीवर पडून अशी वाजली
की शेजारचा वर्ग दप्तरं उचलून घरी निघाला.

त्यांना परत आणेपर्यंत
ही वाळूत गुडघे टेकून तुकडे वेचत होती.
एकेक सांधा नखानं तपासला. सगळे शाबूत.
मोडली होती एकच काडी, मधोमध,
रेष तिरपी गेलेली.
"हिचा आवाज तेव्हाच आला होता मला," ती म्हणाली,
"पण मोजून चाळीसच होत्या ना."

बक्षीस होतं प्लॅस्टिकची पट्टी.
ती तिनं घेतली, सांधे दप्तरात भरले,
मोडकी काडी माझ्या टेबलावर राहिली.
अजून आहे.
पंखा लावला की उडते,
म्हणून तिच्यावर एक दगड ठेवलाय.